‘अंडं वाढत नाही’ असा रिपोर्ट आला? आधी हे वाचा, आणि नवऱ्यालाही वाचायला द्या

रत्नागिरी : गणपतीत नाही तर शिमग्याला चाकरमानी गावी आले, की लग्नाला दोन-तीन वर्षं झालेल्या सुनेला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘काय गं, अजून काही नाही?’ मग कुणीतरी डॉक्टरचं नाव सुचवतं, सोनोग्राफी होते आणि घरी एक कागद येतो. कागदावर इंग्रजीत चार-पाच ओळी आणि काही आकडे असतात. घरात त्याचा अर्थ एकच निघतो : हिची अंडी वाढत नाहीत. कागद एका महिन्याचा असतो, पण शिक्का कायमचा बसतो. मग ओटी भरायला बोलावणं कमी होतं, बारशाला मागे उभं राहावं लागतं.

खरं म्हणजे मूल न होण्याची जी कारणं आहेत, त्यांत अंडं न वाढणं किंवा वेळेवर न फुटणं हे औषधाला बऱ्यापैकी दाद देणारं कारण आहे. दोन्ही ट्यूब बंद असणं किंवा अंड्यांचा साठाच संपत आलेला असणं, यापेक्षा हे पुष्कळ बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात दर सहा जणांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी मूल होण्यात अडचण येते. त्यात पुरुषही आले. तेव्हा ही एका घराची किंवा एका बाईची गोष्ट नाही.

फॉलिकल म्हणजे काय?

गर्भपिशवीच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. त्यांत अगदी बारीक बारीक पिशव्या असतात. त्यांना डॉक्टर फॉलिकल म्हणतात. प्रत्येक पिशवीत एक स्त्रीबीज असतं, ज्याला बोलताना सगळे अंडं म्हणतात. हे अंडं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते दिसत नाही. काळं गोल दिसतं ते त्याच्याभोवती साठलेलं पाणी, म्हणजे पिशवी. तिच्या आकारावरून आतल्या अंड्याचा अंदाज बांधतात, इतकंच.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते, तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माला येईपर्यंत दहा-वीस लाख उरतात आणि पाळी सुरू होते तेव्हा तीन-चार लाख. पुढे आयुष्यभरात त्यांतली जेमतेम 400 ते 500 पिकून बाहेर पडतात. बाकीची आपोआप सुकून जातात. नवीन अंडी नंतर तयार होत नाहीत. त्यामुळे ‘हिला अंडी तयारच होत नाहीत’ हे बोलणं मुळातच चुकीचं आहे. तरुण बाईकडे अंडी असतात. अडते ती त्यांची वाढ.

आंब्याच्या कलमाला मोहर किती येतो आणि फळ किती धरतं, हे इथे कुणाला सांगायला नको. अंडाशयातही तसंच चालतं. दर महिन्याला काही पिशव्या एकदम वाढायला लागतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिच्युटरी ग्रंथी असते, तिच्यातून येणारं एफएसएच नावाचं संप्रेरक त्यांना खतपाणी घालतं. थोड्या दिवसांत त्यांतली एक पुढे निघते आणि बाकीच्या मागे पडून सुकतात. पुढे गेलेली पिशवी रोज साधारण दोन मिलिमीटर वाढते. ती 18 ते 24 मिलिमीटर झाली, की त्याच ग्रंथीतून एलएच नावाचं दुसरं संप्रेरक एकदम जोरात येतं आणि त्यानंतर साधारण दीड दिवसात पिशवी फुटते. अंडं बाहेर पडून ट्यूबमध्ये जातं. गर्भ राहिला नाही, तर तिथून साधारण 14 दिवसांनी पाळी येते.

कागदावरचे शब्द

पिशवी वाढते कशी हे पाहायला पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी करतात. तिला फॉलिक्युलर स्टडी म्हणतात. बहुतेक वेळा ती खालून करतात, कारण त्यात स्पष्ट दिसतं. ती दुखत नाही आणि तिचा किरणांचा धोका नसतो.

रिपोर्टवर ‘आर.ओ.’ म्हणजे उजवं अंडाशय, ‘एल.ओ.’ म्हणजे डावं. ‘डी.एफ.’ म्हणजे पुढे निघालेली पिशवी. ‘एम.एस.एफ.’ म्हणजे नुसत्या बारीक पिशव्या, त्यातली एकही अजून पुढे गेलेली नाही. ‘ई.टी.’ म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी. अंडं फुटायच्या सुमारास ती सात-आठ मिलिमीटर किंवा जास्त असली तर चांगलं.

आणि एक शब्द बायकांना फार घाबरवतो : ‘रप्चर्ड’. फुटलं म्हणजे काहीतरी बिघडलं, असं वाटतं. इथे उलटं आहे. ‘फॉलिकल रप्चर्ड’ म्हणजे पिशवी फुटून अंडं बाहेर आलं. तेच तर व्हायला हवं होतं. ‘अनरप्चर्ड’ लिहिलं असेल, तर पिशवी मोठी झाली पण फुटली नाही. असं एखाद्या महिन्यात धडधाकट बाईलाही होऊ शकतं. वेदना कमी करणाऱ्या काही गोळ्या त्याच दिवसांत सतत घेतल्या, तरी फुटणं अडू शकतं. म्हणून कंबरदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळी आणत असाल, तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

एका महिन्याच्या रिपोर्टवरून निकाल लावू नये, तो याचसाठी. ताप, मोठा ताण, रात्रपाळी, अचानक घटलेलं वजन, कशानेही एखादा महिना चुकतो.

अजून एक गोष्ट, विशेषतः लांबच्या वाड्यांतल्या बायकांसाठी. ज्यांची पाळी 25 ते 35 दिवसांत ठरल्यासारखी येते, त्यांचं अंडं बहुतेक महिन्यांत फुटतच असतं. त्यांना नुसतं एवढंच पाहण्यासाठी एसटी बदलत पाच वेळा शहर गाठायची दर वेळी गरज नसते. पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी प्रोजेस्टेरॉनची एक रक्ततपासणी केली, तरी अंडं फुटलं की नाही ते कळतं. डॉक्टरांना हे विचारायला लाजू नका. मेडिकलमध्ये लघवीची पट्टीही मिळते, पण पीसीओडी असेल तर ती फसवू शकते.

वाढ का अडते?

सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे पीसीओडी, म्हणजेच पीसीओएस. मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहा बायकांमागे एकीला ते असतं. यात पिशव्या वाढायला लागतात, पण एकही पुढे जात नाही. सगळ्या बारीकच राहतात आणि अंडाशयाच्या कडेने मण्यांसारख्या दिसतात. लोक त्यांना ‘गाठी’ म्हणतात. त्या गाठी नव्हेत, कॅन्सर तर मुळीच नव्हे. अडून राहिलेल्या त्या पिशव्याच असतात आणि ऑपरेशन करून काढायच्या नसतात. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने न येणं, हनुवटीवर राठ केस, मुरमं, मानेवर काळपट वळ्या ही त्याची लक्षणं. मानेवरचा काळेपणा घासून जात नाही, कारण तो मळ नसतो. शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. अशा बाईने साखरही तपासून घ्यावी.

वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत थोडं थांबावं. पाळी सुरू झाल्यावर पहिली आठ वर्षं नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओडी ठरवू नये, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या 2023 च्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. त्या वयात बऱ्याच मुलींची अंडाशयं तशीच दिसतात. सतरा वर्षांच्या पोरीला ‘हिला पुढे मूल होणार नाही’ असं सांगणारा रिपोर्ट जगात नाही.

मोबाईलवर पीसीओडी शोधलं, की पहिला सल्ला येतो वजन कमी करा. जिचं वजन जास्त आहे तिच्यासाठी तो खराच आहे. 70 किलोच्या बाईचं साडेतीन-चार किलो वजन उतरलं, तरी कित्येकदा पाळी आपसूक सुधारते. त्यासाठी महागडी पावडर नको. दुपारच्या ताटातला भात निम्मा करून आमटी, उसळ, मासे वाढवले आणि रोज अर्धा-पाऊण तास झपझप चाललं, तर सुरुवात होते.

पण हा सल्ला कोकणात सरसकट लागू नाही. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने चिपळूण, गुहागर आणि संगमेश्वर तालुक्यांतल्या 16 ते 18 वर्षांच्या मुलींचा मोठा अभ्यास हाती घेतला आहे. त्यात लठ्ठपणापेक्षा किडकिडेपणा आणि खुंटलेली वाढ हीच मोठी अडचण दिसली आहे. शरीराला पोटभर मिळत नसेल, तर मेंदूच अंडाशयाला थांबायला सांगतो. त्याच्या दृष्टीने ही गर्भ वाढवायची वेळ नसते. सकाळी चहा-बटर, मग लावणीला नाही तर काजूच्या कारखान्यात, दुपारी सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं : अशा बाईने यूट्यूबवर बघून उपास धरले, तर असलेली पाळीही जाईल. तिला वजन वाढवायचं आहे.

थायरॉईड कमी काम करत असेल, तरी पाळी आणि अंडं दोन्ही बिघडतात. एका रक्ततपासणीत ते कळतं आणि गोळीही साधी असते. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं तरी तेच होतं. बाळ नसताना छातीतून दुधासारखा स्राव येतो, ही त्याची एक खूण. इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पित्तासाठी घेतल्या जाणाऱ्या काही जोडगोळ्यांत लेव्होसल्पिराईड किंवा डॉम्पेरिडोन असतं, त्याने प्रोलॅक्टिन वाढतं. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही वाढतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरकडे न्या. मात्र मनाने कुठली गोळी बंद करू नका, मानसिक आजाराची तर नाहीच.

आणि वय. पस्तिशीनंतर अंड्यांची संख्या आणि दर्जा वेगाने उतरतो. काही जणींचा साठा चाळिशीच्या आतच संपत येतो. त्याचा अंदाज एएमएच नावाच्या रक्ततपासणीतून येतो. एएमएच कमी आलं म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, वेळ थोडी आहे असा त्याचा अर्थ. वय 35 च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून, 35 च्या वर असेल तर सहा महिन्यांतच डॉक्टर गाठावा. पाळी मुळातच अनियमित असेल, तर तेवढंही थांबू नये.

नवरा मुंबईत, उपचार गावात

या जिल्ह्यात उपचार फसण्याचं एक मोठं कारण कुठल्याच रिपोर्टवर येत नाही. नवरा मुंबईला किंवा बोटीवर, बायको गावी सासू-सासऱ्यांजवळ. अशी घरं मंडणगडपासून राजापूरपर्यंत वाडीवाडीत आहेत.

हिशेब साधा आहे. बाहेर पडलेलं अंडं 12 ते 24 तास टिकतं. पुरुषाचं बीज बाईच्या शरीरात जास्तीत जास्त पाच दिवस जगतं. म्हणजे महिन्यातले सहा दिवसच गर्भ राहण्याचे : अंडं फुटायच्या आधीचे पाच आणि तो एक. ते दिवस कुठले, हे पाळीच्या अंतरावर ठरतं. पुढच्या पाळीच्या तारखेतून 14 दिवस मागे मोजायचे. 28 दिवसांनी पाळी येणारीचं अंडं चौदाव्या दिवसाच्या आसपास फुटतं, 35 दिवसांनी येणारीचं एकविसाव्याच्या. ‘पाळीनंतर दहा ते पंधरा दिवस’ हा ऐकीव नियम दुसरीला लागूच होत नाही.

आता नवरा गणपतीत आठ दिवस, शिमग्याला पाच दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस आला, असं धरा. एकत्र राहणाऱ्या जोडप्याला वर्षात बारा-तेरा संधी मिळतात. या जोडप्याला फार तर तीन. त्यातही गणपतीचे आठ दिवस नेमके पाळीत गेले, तर दोनच. मग ‘लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही’ याला वंध्यत्व म्हणायचं तरी कसं? डॉक्टरांना लग्नाची तारीख सांगितली जाते, पण दोघं एकत्र किती दिवस होती हे सांगितलं जात नाही. सासू शेजारी बसलेली असते, तेव्हा तर नाहीच. तो आकडा सांगितला नाही, तर नसलेल्या दोषावर औषधं सुरू होतात. कधी कधी सुनेने चार-सहा महिने खोली करून मुंबईत राहणं हाच पहिला उपचार असतो. घरच्यांना तो सगळ्यात अवघड वाटतो, हा भाग वेगळा.

नवऱ्याच्या तपासणीचंही तसंच. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही काहीतरी कमी असतं. वीर्य तपासणी स्वस्त आहे. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा, डबीत नमुना द्यायचा, झालं. सुई नाही, दुखणं नाही. तरीही बायकोच्या पाच सोनोग्राफी, दहा रक्ततपासण्या होऊन जातात आणि नवऱ्याची डबी काही लॅबपर्यंत पोचत नाही. पुरुषाचं बीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून एक रिपोर्ट खराब आला, तर तंबाखू, गुटखा, दारू बंद करून तीन महिन्यांनी पुन्हा करावा. मोठा ताप येऊन गेला असेल, तरी तेवढं थांबून मगच तपासावं.

फॉलिकल कितीही छान वाढलं, तरी ट्यूब उघडी आहे की नाही हे सोनोग्राफीच्या त्या कागदावरून कळत नाही. त्यासाठी एचएसजी नावाचा वेगळा एक्स-रे असतो. आपल्याकडे गर्भाशयाचा आणि ट्यूबचा टीबी हेही एक कारण आहे. त्यात खोकला नसतो, कधी कधी काहीच त्रास नसतो. टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

औषध कुठलं देतात?

अंडं वाढवायला सहसा लेट्रोझोल किंवा क्लोमिफेन देतात. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळी असते. लेट्रोझोलचं नाव मोबाईलवर टाकलं, की स्तनाच्या कॅन्सरचं औषध असं येतं आणि घरात रडारड होते. ते मूळचं त्याच आजाराचं औषध आहे, हे खरं. 2011 मध्ये भारत सरकारने मूल होण्यासाठी ते वापरायला बंदीही घातली होती. 2017 मध्ये ती उठली. आज पीसीओडीमध्ये अंडं वाढवायला जगभर याच गोळीला पहिली पसंती आहे. अमेरिकेत 750 बायकांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच महिन्यांपर्यंत औषध दिल्यावर लेट्रोझोलवाल्या 100 जणींमागे 27-28 जणींना मूल झालं, क्लोमिफेनवाल्या 19 जणींना. आकडा चांगला आहे, पण शंभरातल्या सत्तर जणींना तेवढ्यात झालं नाही, हेही त्यातच आहे. पहिल्याच महिन्यात ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

गोळीने भागलं नाही तर इंजेक्शनं असतात. त्यात एकदम अनेक पिशव्या वाढण्याचा धोका असतो. जुळं-तिळं राहू शकतं. क्वचित पोटात पाणी होतं. पोट एकाएकी फुगलं, लघवी कमी झाली, दम लागला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठायचा. इंजेक्शनवर असताना सोनोग्राफी चुकवायची नाही, ती याचसाठी.

पुढचा टप्पा टेस्ट ट्यूब बेबी. केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून मुंबईतलं पहिलं असं बाळ जन्मलं. तेव्हापासून हे तंत्र राज्यात आहे. आता त्यासाठी 2021 चा केंद्राचा कायदा आहे. केंद्राची नोंदणी लागते आणि बाईचं वय 21 ते 50 मध्ये असावं लागतं. पण नुसतं अंडं वाढत नाही म्हणून कुणी थेट लाखांच्या पॅकेजवर नेत असेल, तर गोळ्या का नाही दिल्या, ट्यूब तपासली का, नवऱ्याचा रिपोर्ट कुठे आहे, हे तीन प्रश्न आधी विचारा.

सुरुवात मात्र जवळूनच होऊ शकते. आशाताईंना सांगितलं तर त्या उपजिल्हा रुग्णालयाचा किंवा रत्नागिरीच्या सिव्हिलचा रस्ता दाखवतात. मुंबईत नातेवाईक असतील, तर परळला केईएम आहे आणि तिथेच आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथे पीसीओएससाठी वेगळं क्लिनिक चालतं. ग्रामदेवतेला नवस करायला हरकत नाही. वाटलेलं औषध पुडीतून आणून खाण्याला आहे, कारण त्यात काय घातलंय ते देणाऱ्यालाही नीट माहीत नसतं.

अंडं फुटावं म्हणून शेवटी जे एचसीजीचं इंजेक्शन देतात, त्यानंतर घाई करून घरी गर्भाची पट्टी लावू नका. पट्टी जे शोधते तेच त्या इंजेक्शनमध्ये असतं, त्यामुळे काही दिवस खोट्या दोन रेघा येतात. निदान दोन आठवडे जाऊ द्या, मग पाहा. रेघा खऱ्या निघाल्या, तर सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना, ट्यूबमध्ये नाही ना, हे बघून घ्या. त्याआधी पोटात एका बाजूला जोराची कळ आली किंवा चक्कर येऊन घाम फुटला, तर 108 ला फोन करा.